भिंतीवरून उतरलेलं चित्र: पिरेनीजच्या डोंगरातलं ताऊल गाव आणि त्याची चर्च

स्पेन आणि फ्रान्सच्या मधोमध पिरेनीजची रांग आहे. तिच्या दक्षिण उतारावर, कातालोनिया प्रांतात, बोई नावाचं एक खोरं आहे. या खोऱ्यात साधारण १,५०० मीटर उंचीवर ताऊल हे छोटंसं गाव वसलंय. दगडी घरं, उतरती काळपट छपरं, हिवाळ्यात बर्फ. एवढ्याशा गावात नऊशे वर्षांपूर्वीची दोन मोठी चर्च आहेत, आणि दोन्ही एका दिवसाच्या अंतराने पवित्र केली गेली.

ही तारीख आपल्याला नेमकी ठाऊक आहे, कारण ती लिहून ठेवलेली होती. सांत क्लिमेंत या चर्चमधल्या एका गोल दगडी खांबावर, गिलाव्यावर रंगाने, लॅटिनमध्ये काही ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा: प्रभूच्या अवतारानंतर ११२३व्या वर्षी बार्बास्त्रोचे बिशप रायमुंदुस येथे आले, त्यांनी हुतात्मा संत क्लेमेंत यांच्या सन्मानार्थ हे चर्च पवित्र केलं आणि संत कोर्नेलियुस यांचे अवशेष वेदीत ठेवले. रोमन पद्धतीने दिलेली तारीख आपल्या हिशेबाने १० डिसेंबर येते. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, त्याच बिशपनी गावाच्या मध्यावरचं सांता मारिया पवित्र केलं. सांता मारिया हे गावाचं धर्मग्राम-चर्च, सांत क्लिमेंत गावाच्या कडेला. डिसेंबरात त्या उंचीवर, त्या थंडीत, एक बिशप मुक्काम करून लागोपाठ दोन चर्चचे विधी उरकतो, याला काहीतरी कारण असणार.

धर्मग्राम म्हणजे काय, आणि त्यावरून भांडण का?

वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींना धर्मग्राम हा शब्द सांगावा लागणार नाही. इतरांसाठी: एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली येणारी वस्ती म्हणजे धर्मग्राम. मूल जन्मलं की बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, शेवटची माती तिथे. मध्ययुगात यात आणखी एक गोष्ट जोडलेली होती, ती म्हणजे दशमांश. शेतात जे पिकेल, गोठ्यात जे वाढेल, त्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. त्यामुळे एखादं खोरं कोणत्या बिशपच्या हद्दीत येतं, हा प्रश्न भक्तीचा होता तसाच धान्याचा आणि मेंढरांचाही होता.

बोईच्या खोऱ्यावर दोन बिशपांचा दावा होता. एक उर्जेलचे, दुसरे रोदा-बार्बास्त्रोचे. आपले रायमुंदुस, म्हणजे रामोन, हे दुसऱ्या पीठाचे, म्हणजे बिशपच्या गादीचे. बार्बास्त्रो हे शहर ११०१ मध्ये मुस्लिम सत्तेकडून जिंकलं गेलं आणि पीठ तिकडे हललं. पण शेजारच्या वेस्काच्या बिशपलाही ते शहर हवं होतं. १११६ मध्ये त्याने सशस्त्र माणसं आणून रामोनना तिथून हुसकावून लावलं. ते डोंगरातल्या जुन्या पीठाकडे, रोदाला परतले.

आता खांबावरचा मजकूर पुन्हा वाचा. हुसकावून लावल्याला सात वर्षं झाली आहेत आणि लिहिलंय काय, तर ‘बार्बास्त्रोचे बिशप’. गेलेल्या शहराचं नाव त्यांनी सोडलेलं नाही, आणि हातात असलेल्या खोऱ्यातल्या दोन चर्चवर दोन दिवसांत आपली मोहोर उठवली आहे. हा खांब मला त्या काळच्या सातबाऱ्यासारखा वाटतो. ताबा कोणाचा, हे तिथे स्वच्छ लिहिलंय.

बांधायला पैसा कुठून आला? खोऱ्यातलं बडं घराणं एरिल सरदारांचं. आरागोनचा राजा पहिला आल्फोन्सो दक्षिणेकडे मुस्लिम राज्यांवर मोहिमा काढत होता, १११८ मध्ये त्याने सारागोसा जिंकलं. एरिल घराण्याने या मोहिमांत भाग घेतला. लुटीतला आणि मोबदल्यातला वाटा डोंगरात आला आणि त्यातून चर्च उभी राहिली, असं इतिहासकार मांडतात. नुसत्या मेंढपाळीवर एवढ्याशा खोऱ्यात थोड्याच काळात इतकी बांधकामं उभी राहणं अवघडच होतं.

दगड, लाकूड आणि बर्फ

या चर्चच्या शैलीला रोमनेस्क म्हणतात. त्यातही ही लोंबार्दी धाटणीची. लोंबार्दी म्हणजे उत्तर इटलीतला प्रदेश. तिथले गवंडी अकराव्या शतकात गावोगाव फिरत, काम घेत, आणि त्यांची पद्धत डोंगराडोंगरातून पसरली. दगड घासूनपुसून गुळगुळीत करायचा नाही. हातोड्याने फोडून साधारण चौकोनी करायचा आणि ओळीत नीट मांडायचा. कोरीव मूर्ती जवळपास नाहीत. इमारतीचं सगळं सौंदर्य प्रमाणात आणि सावलीत.

आराखडा समजायला सोपा आहे. एक लांबट सभागृह, खांबांच्या दोन रांगांनी तीन दालनांत विभागलेलं. मधलं रुंद, बाजूची दोन अरुंद. प्रत्येक दालनाच्या पूर्व टोकाला अर्धगोल कोनाडा. मोठ्या घागरीचा उभा अर्धा काप भिंतीला लावला तर कसा दिसेल, तसा. मधल्या कोनाड्यासमोर मुख्य वेदी. आपल्या मनात गाभाऱ्याचं जे स्थान असतं, ते इथे या कोनाड्याचं. सगळ्यांचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीला, उजेड समोरून, वेदीमागच्या खिडकीतून येतो.

वर दगडी कमान-छत नाही. लाकडी तुळया, त्यांवर पाटीच्या दगडाचं दुपाखी छप्पर. बाराव्या शतकात इतरत्र मोठमोठी दगडी छतं उभी राहत होती, मग इथे लाकूड का? दगडी कमान-छताचा स्वभाव असा की ते सतत भिंतींना बाहेर ढकलत असतं. ते पेलायला जाडजूड भिंती आणि टेकू लागतात. लाकडी छप्पर हलकं, त्याचा भार मुख्यतः सरळ खाली येतो. त्यामुळे आतले खांब तुलनेने सडसडीत ठेवता येतात आणि सभागृह मोकळं वाटतं. लाकूड भोवतालच्या जंगलात मुबलक, पाटीचा दगड डोंगरातच. उतार असा की बर्फ साचून राहू नये. तीनही दालनांवर मिळून एकच छप्पर असल्यामुळे मधल्या दालनाला वरून खिडक्या मिळत नाहीत. म्हणून आत अंधारलेलं असतं, आणि रंगवलेला कोनाडा त्या अंधारात पुढे येतो.

सांता मारियात अठराव्या शतकात बरेच फेरफार झाले, मध्ये घुमटही आला. विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात तो काढून लाकडी छप्पर परत आणलं. जीर्णोद्धार म्हणजे कुठल्या शतकाकडे परत जायचं, हा प्रश्न प्रत्येक जुन्या वास्तूसमोर असतो. इथे उत्तर बाराव्या शतकाच्या बाजूने पडलं. मला ते पटतं, तरी तिथे दोनशे वर्षं घुमटाखाली मिस्सा ऐकणाऱ्यांचाही गावाच्या इतिहासावर हक्क होता हे विसरू नये.

मनोऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फोटोत ताऊल ओळखू येतं ते मनोऱ्यावरून. सांत क्लिमेंतचा मनोरा चौकोनी, उंच आणि सडपातळ आहे. मजल्यामजल्यावर दोन-दोन, तीन-तीन कमानींच्या जोडखिडक्या आहेत, त्यांच्यामध्ये बारीक दगडी खांब. खिडक्यांमुळे वजन घटतं आणि घंटेचा आवाज चहूकडे मोकळा जातो. प्रत्येक मजल्याच्या माथ्यावर छोट्या आंधळ्या कमानींची ओळ. आंधळ्या म्हणजे आरपार नसलेल्या, भिंतीतच उठवलेल्या. तिच्या वर दगड तिरके बसवून केलेली करवतीच्या दात्यांसारखी पट्टी. खोली जेमतेम काही बोटांची, पण ऊन तिरकं पडलं की याच पट्ट्यांच्या सावल्या मनोऱ्यावर आडव्या रेघा ओढतात. बाहेर गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेषही सापडले आहेत. म्हणजे आज आपण ज्या उघड्या दगडाचं कौतुक करतो, तो बांधणाऱ्यांनी झाकलेला होता.

सांता मारियाचा मनोरा बाजूच्या दालनाच्या आतच घेतलेला आहे आणि तो स्पष्ट कललेला दिसतो. सांत क्लिमेंत, शेजारच्या बोईतलं सांत जुआन आणि पलीकडच्या एरिलमधलं सांता एउलालिया, हे तीन मनोरे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. घंटा मिस्सेसाठी होतीच, शिवाय आग, वादळ, अनोळखी माणसं, सगळ्याचा निरोप तिच्यावरूनच जायचा.

कोनाड्यातला ख्रिस्त

सांत क्लिमेंतच्या मुख्य कोनाड्यातलं चित्र युरोपातल्या मध्ययुगीन चित्रकलेतलं एक शिखर मानलं जातं. चित्रकाराचं नाव कोणालाच माहीत नाही. अभ्यासक त्याला ‘ताऊलचा उस्ताद’ म्हणतात.

मधोमध बदामाच्या आकाराच्या प्रभेत ख्रिस्त बसला आहे. आसन म्हणजे एक कमानदार पट्टा, तो स्वर्ग. पाय टेकलेत तो अर्धगोल, ती पृथ्वी. उजवा हात आशीर्वादासाठी वर. डाव्या हातात उघडं पुस्तक, त्यावर लॅटिन अक्षरं: ‘मी जगाचा प्रकाश आहे.’ हे वाक्य पूर्वेच्या खिडकीच्या वर आहे हे लक्षात घेतलं की सकाळी तिथे काय घडत असेल ते डोळ्यांसमोर येतं. दोन्ही खांद्यांच्या बाजूला आल्फा आणि ओमेगा, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. चेहरा लांबट, डोळे मोठे, भुवया आणि नाक एकाच रेषेतून उतरलेले. कपड्याच्या चुण्या खऱ्या कापडासारख्या पडत नाहीत, त्या रेघांच्या लयीने पडतात. हा माणूस दिसावा असं चित्रकाराला वाटलेलंच नाही. हा न्याय करायला आलेला देव आहे.

आजूबाजूला चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे बायबलमध्ये येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची, चिन्हं आहेत. मार्कचा सिंह आणि लूकचा बैल यांच्यासोबतचे देवदूत जवळून पाहा. एकाने सिंहाचा मागचा पाय धरलाय, दुसऱ्याने बैलाची शेपटी. ज्याने गोठ्यात जनावरं आवरलेली पाहिली आहेत, त्यालाच हे सुचावं. कमानीच्या बाजूला बायबलमधल्या गोष्टीतला लाजरस हा भिकारी श्रीमंताच्या दारात पडलेला आहे, अंगभर फोड, आणि एक कुत्रा ते चाटतोय. इतक्या भव्य ख्रिस्ताच्या जवळ हा कुत्रा आहे, म्हणून मला ते चित्र जास्त खरं वाटतं.

रंग कसे टिकले? भिंतीवर चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो. रंगाचे कण त्या दगडात अडकून जातात. म्हणून रोज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. वरचे बारकावे मात्र भिंत वाळल्यावर भरलेले असतात आणि तेच आधी झडतात. निळा रंग एरिनाइट नावाच्या खनिजाचा आहे, तो याच पिरेनीजमध्ये मिळतो. दूरदेशीचा महागडा निळा इथवर आणण्याची गरज पडली नाही.

पुढे गॉथिक, म्हणजे रोमनेस्कनंतरच्या शैलीच्या, काळात वेदीवर उंच लाकडी चित्रफळी उभी राहिली आणि ख्रिस्त तिच्यामागे गेला. खोरं गरीब होत गेलं, मोठी नवी बांधकामं झाली नाहीत. चित्रं पाडून नवी काढायला पैसेच नव्हते. ती वाचली त्यामागे हेही एक कारण आहे.

१९०७, आणि त्यानंतरची घाई

१९०७ मध्ये बार्सिलोनाच्या एका अभ्यास संस्थेची मोहीम या डोंगरात आली. नेते होते वास्तुरचनाकार जोसेप पुच इ कादाफाल्क, सोबत छायाचित्रकार आदोल्फ मास. खेचरांवरून, वाईट वाटांनी प्रवास. त्यांनी मोजमापं घेतली, फोटो काढले, पुढे चित्रांच्या हाताने केलेल्या रंगीत नकला छापल्या. कातालोनियाला आपल्या डोंगरात काय आहे ते कळलं.

ते व्यापाऱ्यांनाही कळलं. काही वर्षांतच जवळच्या मुर इथल्या चर्चच्या कोनाड्यातलं चित्र विकत घेऊन भिंतीवरून काढलं गेलं. ते १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या संग्रहालयात पोचलं आणि आजही तिथेच आहे. त्याला अडवणारा कायदा नव्हता. तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने, जोआकिम फोल्क इ तोर्रेस यांच्या पुढाकाराने, ठरवलं की उरलेली चित्रं आपणच विकत घ्यायची, काढायची आणि शहरात आणायची. काम दिलं इटलीतल्या बेर्गामोच्या फ्रांको स्तेफानोनी आणि त्याच्या साथीदारांना. आधी मुरचं चित्र भिंतीवरून काढणारेही हेच हात होते. १९१९ ते १९२३ या काळात एकामागून एक चर्च रिकामी झाली.

चित्र भिंतीवरून निघतं कसं? आधी पृष्ठभाग स्वच्छ करतात. मग जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस गरम करून त्यात भिजवलेली सुती कापडं चित्रावर थरावर थर चिकटवतात. सरस वाळताना आकसतो आणि त्याची ओढ इतकी जबर असते की रंगाचा पातळ थर गिलाव्यापासून सुटून कापडाला लागतो. मग खालच्या कोपऱ्यापासून कापड सोलायला घ्यायचं. हातात येतं ते चित्र पाठीकडून दिसतं, पुढची बाजू कापडात दडलेली. त्याची गुंडाळी करायची, खेचरावर लादायची. शहरात पोचल्यावर पाठीला नवं कापड चिकटवायचं आणि पुढचा सरस गरम पाण्याने विरघळवून जुनं कापड अलगद काढायचं. मग सुतारांनी मूळ कोनाड्याच्या मापाने बांधलेल्या लाकडी अर्धगोलात ते बसवायचं. आज बार्सिलोनाला मोंजुइक टेकडीवरच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ताऊलचा ख्रिस्त असाच एका लाकडी कोनाड्यात आहे.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच काळात, १९२० ते १९२२ च्या सुमारास, हैदराबादच्या निजाम सरकारने अजिंठ्याच्या लेण्यांसाठी इटलीतूनच दोन तज्ज्ञ बोलावले होते, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी. त्यांनी सुटणारे पापुद्रे भिंतीला पुन्हा चिकटवले आणि चित्रांवर लाखेचं रोगण फिरवलं. ते रोगण पुढे पिवळं पडलं, त्याखाली रंग बुजले, आणि ते काढायचं किचकट काम पुरातत्त्व खात्याला कित्येक वर्षं करावं लागलं. पण चित्रं भिंतीवर राहिली. अजिंठ्याचा रंग मातीच्या गिलाव्यावर, कोरड्यावर लावलेला आहे, तिथे गरम सरसाची ताऊलसारखी ओढ लावणं म्हणजे रंगच गमावण्याचा धोका. एकाच देशातले कारागीर, एकच दशक, आणि दोन डोंगरांत दोन उलटे निर्णय. अजिंठ्याला आपण आजही लेण्यात उभं राहून चित्र पाहतो. ताऊलच्या माणसाला आपल्या गावचा ख्रिस्त पाहायला बार्सिलोनाला जावं लागतं.

चूक झाली का? मी यावर बरंच वाचलं, आणि माझं मत असं आहे की त्या वर्षी दुसरा मार्ग नव्हता. बोस्टनचं उदाहरण समोर होतं. तरी ज्या गावाने आठशे वर्षं चित्र सांभाळलं त्या गावात कोरी भिंत उरली, ही खंत कुठल्याही स्पष्टीकरणाने भरून येत नाही.

भिंतीवर काय राहिलं

१९६०च्या आसपास सांत क्लिमेंतच्या कोनाड्यात चित्राची रंगवलेली नक्कल आली. पुढची पन्नासेक वर्षं पाहुणे तीच पाहत होते. २००० साली युनेस्कोने खोऱ्यातली आठ चर्च आणि दुर्रोजवळची एक छोटी डोंगरी प्रार्थना-वास्तू जागतिक वारशात घेतली.

मग कोनाड्याच्या डागडुजीच्या वेळी नक्कल काढायचं ठरलं, आणि तिच्याखाली मूळ चित्राची खूण निघाली. सरसाने फक्त वरचा थर ओढून नेला होता. गिलाव्यात मुरलेला रंग, रेघांचे काही भाग, इकडेतिकडे सुटून राहिलेले तुकडे भिंतीने धरून ठेवले होते. ती खूण पुन्हा झाकायची नाही असं ठरलं. २०१३ पासून तिथे प्रकाशाचा खेळ दाखवतात. चर्चमधले दिवे मालवतात, प्रोजेक्टरमधून भिंतीवर आधी रेघा उमटतात, मग सपाट रंग, मग छटा, ज्या क्रमाने ११२३ च्या सुमारास ते चित्र भरलं गेलं असेल त्याच क्रमाने. पूर्ण कोनाडा उजळतो. सिंहाचा पाय धरलेला देवदूत, दारातला लाजरस, पुस्तकावरची अक्षरं, सगळं आपापल्या मूळ जागी, मूळ खिडकीच्या वर.

गावाच्या मध्यावर सांता मारिया अजून धर्मग्रामाचं चर्च आहे. उन्हाळ्यात ताऊलचे लोक रात्री डोंगरावरून पाइनच्या लाकडाच्या पेटत्या मशाली खांद्यावर घेऊन ओळीने गावात उतरतात. पिरेनीजमधल्या या अग्नी-उत्सवांनाही २०१५ मध्ये युनेस्कोने मान्यता दिली.

सांत क्लिमेंतमधला खेळ काही मिनिटांत संपतो. प्रोजेक्टर बंद होतो, रंग एका क्षणात जातात, आणि डोळे अंधाराला सरावले की कोनाड्यातल्या गिलाव्यावर मूळ चित्राच्या पुसट रेघा दिसू लागतात.